डेऱ्यातले नाकतोडे

तळसूर गावात शिवकांताचं घर आणि तिची धाकटी जाऊ जगदेवी हिचं घर, ह्यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला चुलीच्या उंचीवर एक भगदाड होतं. भिंत वाटणीच्या वेळी भावांनी घातली. भगदाड मागाहून आपोआप पडलं, असं दोघी जावा सांगत आणि सांगताना एकमेकींकडं बघत नसत.

त्या भगदाडातून रोज दिवेलागणीला विस्तव जायचा. एकीची चूल पेटली की दुसरीनं काडी कशाला मोडायची, एवढाच हिशेब. पण विस्तवाच्या मागं जगदेवीचं तोंड यायचं, आणि मग भाकरी करपेपर्यंत ते तोंड काही मागं जायचं नाही. पार्वतम्मानं विहिरीवर आपल्या घागरीला मुद्दाम पाय लावला. ईरण्णा आणि महालिंगप्पा बांधावरून पुन्हा शिव्यांवर आले. मठातल्या भजनात कोण झोपलं, कोण घोरलं. गावाला वाटायचं, शिवलिंगप्पाची बायको जगदेवी मुकी असावी. चारचौघांत ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची आणि कुणी विचारलं तर मान हलवायची. शिवकांताला मात्र ती कधी गप्प बसलेली आठवत नव्हती. शिवकांताचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दिवसभरात तिच्याशी धड बोलणारं म्हणावं तर ते भगदाडच होतं.

रानात गेलं की भगदाडाचं काम हाळी करायची. ओढ्याकाठच्या काळ्या रानात जोंधळा उभा राहिला की माणसं दिसेनाशी व्हायची. मग ज्याची त्याची हाळी. महालिंगप्पाची हाळी घागर बुडाल्यासारखी, बुढनभाई पिंजाऱ्याची लांबलचक. जगदेवी हाळी घालायची ती एकाच माणसासाठी, "अक्का ऽ ऽ" अशी, आणि शेवटाला तिचा आवाज फाटायचा, जुनं लुगडं फाटतं तसा. शिवकांता हसायची आणि मगच ओ द्यायची.

तर ही मोगलाईच्या शेवटच्या पावसाळ्यातली गोष्ट. रझाकार शेजारच्या गावापर्यंत आले, आणि आषाढ सरता सरता तळसूरनं उठायचं ठरवलं. सोलापूरच्या बाजूला, हद्दीपलीकडं, छावण्या लागल्या होत्या. बुढनभाईची चार घरं दोन्हीकडून भ्यालेली. ती गुलबर्ग्याच्या वाटेला लागली. बाकी सगळं गाव मावळतीकडं निघालं. शिवकांताची म्हैस गाभण होती, आज-उद्यावर आली होती, तिला चालवत न्यायचं म्हणजे वाटेत मारायचं.

"दोन दिवसांत येतो, वैनी," शिवलिंगप्पा म्हणाला. "म्हैस व्याली की तुमाला गाडीनं नेतो."

जगदेवी गाडीच्या मागं बसली होती, एका कोपऱ्यात, बोचक्याच्या आड. ती काही बोलली नाही, कारण गाडीत माणसं होती. गाडी ओढा उतरून पलीकडं चढली तेव्हा मात्र तिकडून हाळी आली, फाटलेली. शिवकांतानं ओ दिली. मग ती बराच वेळ तिथंच उभी राहिली, आणि म्हैस हंबरली तेव्हा खोपटाकडं वळली.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले आणि पुढं आठवडे थांबायचं नावच घेईनात. म्हैस व्याली, पारडी झाली. शिवकांता रानातल्या खोपटात राहू लागली, पण सांज झाली की गावात जायची. कुत्रीसुद्धा नव्हती. आपली चूल पेटवायची, फुलला निखारा पळीत घ्यायचा, भगदाडातून हात घालून जगदेवीच्या चुलीत टाकायचा आणि वर चार काटक्या. चूल थंड पडू नये, एवढंच. भगदाडापलीकडं उजेड व्हायचा, भिंतीवर हलायचा. "पार्वतम्माचं काय झालं गं पुढं?" असं ती एकदा मोठ्यानं बोलली आणि आपल्याच आवाजाला दचकली.

खोपटाशेजारी तिनं मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले होते, चार मिरच्या. त्यावर नाकतोडे आले. हिरवेगार, कोवळे, अजून पंख न फुटलेले, एका पानावर एक. दुसरा शेजारी येऊन बसला की पहिला तिरका होऊन उडी मारायचा. आमच्या भावकीसारखेच आहेत, असं शिवकांताला वाटलं. मारायचे तर नाहीत. गळ्यात लिंग असलेल्या बाईनं जीव मारायचा नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. माहेरी आई नाकतोडे धरून मातीच्या डेऱ्यात घालायची, वर फडकं बांधायची आणि सांजेला ओढ्यापल्याड सोडून यायची. ओढ्यापल्याड दुसऱ्याचं रान होतं, त्याचं काय, हे आईला कुणी कधी विचारलं नाही. शिवकांताही तसंच करायची. दिवसभर वेचायचे, मेथीच्या काड्या आत टाकायच्या, दिवस कलला की ओढा.

मग तिला हिवताप आला.

किती दिवस, ते तिला कळलं नाही. उठून म्हशीला पाणी पाजायचं, पारडीला सोडायचं, पुन्हा बाजेवर पडायचं. सडकेच्या बाजूनं आभाळ नसताना गडगडत होतं, तेही तापातलंच असं तिला वाटलं. ताप उतरला त्या दुपारी ती पडल्या पडल्या एक आवाज ऐकत होती. बारीक, सारखा, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. कोपऱ्यातून येत होता. डेरा ओढ्यावर न्यायचा राहून गेला होता.

आता आत मेलेलेच असणार, असं म्हणत तिनं फडकं सोडलं.

मेले नव्हते. पण ते हिरवेही नव्हते. हळदीसारखे पिवळे, आणि पाठीवर काजळाचं बोट ओढावं तसे काळे पट्टे. फडकं निघालं, उजेड पडला, तरी एकानंही उडी मारली नाही. अंगाला अंग लावून ते डेऱ्यात दाटून बसले होते आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूला होती. शिवकांतानं डेरा फिरवला. आत सरसर झाली. डेरा फिरला, तोंडं पूर्वीच्याच बाजूला, मावळतीकडं, राहिली.

टोळ म्हणून काही असतात, आभाळ झाकून येतात, हे तिनं आजोबांकडून ऐकलं होतं. टोळ वेगळे आणि नाकतोडे वेगळे, हे कुणीही सांगेल. टोळ अरबस्तानातून वाऱ्यावर येतात. मेथीतून डेऱ्यात येत नाहीत. तिनं पुन्हा फडकं बांधलं, डेरा डोक्यावर घेऊन ओढ्यापल्याड नेला आणि आडवा केला. ते रांगेनं बाहेर आले आणि रांगेनंच चालत गेले. मागं वळून कुणी पाहिलं नाही. ते काही वळून बघणारे जीव नव्हेत, पण तिला तसं वाटलं खरं.

खोपटात आल्यावर फडक्याच्या चुणीत एक सापडला. तिथं दुसरं कुणी बोलतं-चालतं नव्हतं. तिनं त्याला कंदिलाच्या जुन्या काचेत ठेवलं, वर चिंधी बांधली, जोंधळ्याचं पान घातलं. पहिल्यांदा तो मावळतीकडच्या काचेला चिकटून राहिला, खाईना. मग खायला लागला. मग एका सकाळी काचेच्या बुडाला त्याची पोकळ कात पडली होती, पट्ट्यांसकट, आणि वरच्या बाजूला तो लटकला होता, ओला, हिरवागार. तिनं काचेवर बोट ठेवलं तर तिरका होऊन दूर सरकला.

"आला का माणसात," शिवकांता म्हणाली.

मोगलाई संपल्याचं तिला हरिबा धनगरानं सांगितलं. मेंढरं घेऊन तो ओढ्यानं चालला होता. हिंदुस्थानची फौज सडकेवरून हैदराबादेकडं गेली, निजामानं हात टेकले. "तुमचं गाव बी येतंय मागनं," तो म्हणाला. "म्या बघितलं काल. मेंढरं बिथरली माजी. रस्ता सोडून रानात शिरली, वळंनात."

"का वं? गर्दी लई व्हती?"

हरिबानं जरा विचार केला. "गर्दी तेवढी न्हवती. आवाज न्हवता."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. शिवकांता वेशीत उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात पाण्याची घागर. आधी धूळ दिसली, मग माणसं. बायका, बाप्ये, म्हातारी, पोरं, सगळी एकाला एक लागून, तेही रस्ता चांगला गाडीभर रुंद असताना. उन्हानं पिवळटलेली, रापलेली. कुणी बोलत नव्हतं, कुणी रडत नव्हतं, पोरसुद्धा. वेशीपाशी ती थांबली. पुढचा थांबला आणि मागचे त्याच्यावर आदळले, असं झालं नाही. सगळी थांबली.

"बऱ्या हायसा का, वैनी?" शिवलिंगप्पा म्हणाला.

"बऱ्या हायसा का?" त्याच्या मागून ईरण्णा म्हणाला, आणि मग महालिंगप्पा, त्याच चालीत, आणि मग आणखी मागून, रांगेच्या शेवटापर्यंत. शिवकांताला हसू आलं. मग तिला रांगेत बुढनभाई दिसले, पार्वतम्माच्या खांद्याला खांदा लावून. बुढनभाई गुलबर्ग्याला गेले होते. गुलबर्गा उगवतीला. हे लोक मावळतीकडून आले होते.

जगदेवी मधोमध होती. कडेला नाही, कोपऱ्यात नाही, मधोमध. ती शिवकांताकडं बघून चांगलं तोंडभर हसली. तसं ती चारचौघांत कधी हसली नव्हती.

पहिले काही दिवस शिवकांतानं स्वतःला समजावलं. माणसं भोगून आली आहेत. छावणीत एकत्र राहायची सवय लागली असेल. कारण घराघरांची कुलपं कुणी उघडलीच नाहीत. सगळी मठात राहू लागली. एकच चूल मांडली, एकाच पातेल्यात शिजवलं, लिंगायतानं वाढलं आणि पिंजाऱ्यानं खाल्लं, कुणी कुणाला शिवलं म्हणून ओरडलं नाही. ईरण्णा आणि महालिंगप्पांनी मधला बांध स्वतःच्या हातानं नांगरून टाकला. ज्या हातभर मातीपायी दोघांचे बाप कोर्टात म्हातारे झाले होते, ती माती एका सकाळीत गेली. मूग काढायला सगळं गाव एका रानात उतरायचं, ते संपलं की दुसऱ्या. ओळीनं वाकायचे, ओळीनं उठायचे. कुणाची हाळी नाही. हाळी कुणाला घालायची, सगळी तर शेजारी.

असं गाव असावं म्हणून साधुसंत घसा कोरडा करून गेले, आणि आपल्यालाच तेवढं करमत नाही, ह्याची शिवकांताला लाज वाटली.

पण दिवेलागणीला ती भगदाडापाशी बसायची. पलीकडची चूल आता ती पेटवत नव्हती. माणूस गावात आलेलं असताना त्याची चूल दुसऱ्यानं पेटवायची नसते. पलीकडं अंधार असायचा, आणि भगदाडातून गार वारा यायचा.

एका दुपारी ती मठात गेली, हातात पळी घेऊन. "जगदेवी, विस्तव दे गं," असं म्हणायचं ठरवून.

मठ मोठा होता, निम्मं गाव हातपाय पसरून झोपेल एवढा. सगळी मागच्या भिंतीपाशी बसली होती, मांडीला मांडी लावून, पाठीला पोट लावून. बाकीचा मठ मोकळा पडला होता. दाराला त्यांनी पाठ केली होती आणि तोंडं भिंतीकडं. त्या भिंतीला खिडकी नव्हती, देवळी नव्हती, काही नव्हतं. कुणीतरी खोकलं. मग शेजारचं खोकलं, मग त्याच्या शेजारचं, आणि खोकला असा कडेपर्यंत जाऊन विझला.

"जगदेवी," ती म्हणाली.

सगळी वळली.

"एकटी कशाला ऱ्हातीस?" पार्वतम्मा म्हणाली. तिचा आवाज एवढा मायेचा कधीच नव्हता.

"इकडं ये की," जगदेवी म्हणाली. "एकटी कशाला ऱ्हातीस?"

ती शिवकांताला 'अक्का' म्हणाली नाही. अक्का म्हणायचं विसरलं असं नाही; तिथं कुणी कुणाचं काही नसावं तसं ते वाक्य आलं. शिवकांता रिकामी पळी घेऊन परतली. रानाच्या वाटेला लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की मठाची ती मागची भिंत ओढ्याच्या अंगाला आहे. भिंतीपलीकडं सरळ रेघेत दुसरं काही नाही, तिचं खोपट आहे.

खोपटात काचेतला नाकतोडा जोंधळ्याचं पान कुरतडत होता. एकटा, हिरवा, कुणाच्या देण्याघेण्यात नसलेला. शिवकांता त्याच्याकडं बराच वेळ बघत बसली.

मग तिनं आजारी पडायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावात गेली, मठाच्या पायरीवर बसून थडथड उडाली आणि म्हणाली, ताप भरलाय, सोबतीला जगदेवीला पाठवा. ते तिला खोपटापर्यंत पोचवायला आले, सगळेच्या सगळे. "समद्यांना लागंल ह्यो ताप," ती गोधडीतून म्हणाली. "एकीनंच ऱ्हावं." ते खोपटाभोवती उभे राहिले. मग ते निघाले, आणि जगदेवी राहिली. पण ती राहिली म्हणजे दारात उभी राहिली, आणि ते दिसेनासे होईपर्यंत पुढंमागं झुलत राहिली.

पहिले दिवस वाईट गेले. जगदेवी जेवेना. गावाकडच्या कुडाला अंग घासून बसायची, तिथंच झोपायची, झोपेत तिचे पाय हलायचे. शिवकांता तिच्याशी बोलायची, मुद्दाम, सगळ्या जुन्या कुरापती काढून. विहीर, घागर, पार्वतम्मा. जगदेवी ऐकायची आणि मायेनं हसायची. त्या हसण्याची शिवकांताला भीती बसली.

मग जगदेवीला झोप लागली. एक दिवस, एक रात्र आणि पुढचा दिवस ती मेल्यासारखी झोपली. तिला घाम सुटला, तळहाताची आणि मानेची कातडी कांद्याच्या टरफलासारखी सुटली. शिवकांता ओल्या फडक्यानं पुसत राहिली. उन्हं कलली तेव्हा तिनं मेथी फोडणीला टाकली, भाकरी थापली. आणि मागून आवाज आला.

"अक्का, किती वर्सं झाली, तुज्या भाकरीला पापुद्रा काय येत न्हाय."

शिवकांतानं तव्यावरून हात काढला नाही. भाजला, तरी काढला नाही.

"तुज्या भाकरीला येतो ना, मग उठ की. पडून काय बोलतीस," ती म्हणाली.

जगदेवी उठली आणि कोपऱ्यात, बोचक्याच्या आड जाऊन बसली. मग जे तोंड सुटलं ते सुटलंच. छावणीत पार्वतम्मानं तिचा तांब्या ढापला. ईरण्णाची आई रात्रभर कण्हायची. ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, डाळ नासलेली कळायची नाही. बोलता बोलता ती रडायला लागली आणि रडता रडता जेवली. शिवकांताला ती चव कितीतरी दिवसांनी लागली, जेवणाची.

"मग तिथं झालं काय गं?" तिनं विचारलं.

जगदेवीनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "जागा न्हवती अक्का. पाठीला पाठ लागायची. हिकडं सरकलं तर ह्येचा गुडघा, तिकडं सरकलं तर त्येचा. पयले पयले लई राग यायचा. जीव द्यावा वाटायचा. मग येक दिवस राग आलाच न्हाय." तिनं तुकडा खाली ठेवला. "मग बरं वाटाया लागलं."

"आन बुढनभाई? त्ये तर गुलबर्ग्याला गेलते."

"व्हते की छावणीत," जगदेवी म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "व्हते की," ती पुन्हा म्हणाली, पण हळू.

जेवण झाल्यावर ती काचेपाशी गेली, आतल्या हिरव्या जिवाकडं बघत राहिली. "मला परत पाठवू नगंस, अक्का," ती पाठमोरीच म्हणाली.

"कोन पाठवतंय. आपल्या दोगींची चूल हितंच."

पुढचे दिवस शिवकांताच्या आयुष्यातले बरे दिवस होते. दोघी खोपटात, एक म्हैस, एक पारडी, आणि कुरकुर. जोंधळा निसवून डोक्याच्या वर गेला होता. मध्येच जगदेवी रानात शिरायची आणि उगाच हाळी घालायची, शेवटाला फाटणारी, आणि शिवकांता हसून ओ द्यायची.

त्या दिवशी ऊन उतरत होतं. वारा पडला होता. शिवकांता म्हशीखाली बसली होती, आणि म्हशीनं पान्हा चोरला.

तिनं मान वर केली. गावाकडचा जोंधळा हलत होता. कणसं बाजूला होत होती आणि मागं मिटत होती, एका रुंद पट्ट्यात. वारा नव्हता.

"आत हो," ती जगदेवीला म्हणाली. "दार लाव. म्या हाळी घातल्याबिगर उघडू नगं."

जगदेवीनं काच उचलून छातीशी धरली आणि दार लावलं. आतला अडसर पडल्याचा आवाज आला, मगच शिवकांता पुढं गेली.

ते जोंधळ्यातून बाहेर आले आणि बांधावर थांबले. सगळं गाव. शिवलिंगप्पा पुढं होता.

"ती येनार न्हाय," शिवकांता म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला तेवढा मोठा निघाला नाही. "माजी ती सोबत हाय. मला येकच हाय. तुमाला येवढं समदं गाव हाय."

"तिला न्यायला न्हाय आलो, वैनी," शिवलिंगप्पा म्हणाला.

"मग?"

"तुमी एकट्या हायसा."

"तुमी एकट्या हायसा," मागून आलं, आणि कडेपर्यंत गेलं.

"म्या कुठं एकटी? ती हाय की."

"ती यील मागनं," शिवलिंगप्पा मायेनं म्हणाला. "तिला तुमची सवय हाय."

ती मागं सरली. मागं पार्वतम्मा होती. ती कधी मागं गेली, कळलं नाही.

पार्वतम्माचा खांदा तिच्या खांद्याला लागला. ऊन. दिवसभर उन्हात राहिलेल्या भिंतीसारखा.

मग पाठीवर एक हात आला. कुणाचा, ते तिनं बघितलं नाही. नवरा गेल्यापासून पाठीवर हात आला नव्हता. जगदेवीचं प्रेम मोठं, पण ते भगदाडातलं, तोंडापुरतं.

दुसरा हात. कोपर. कुणाचा तरी श्वास मानेवर.

तिनं पार्वतम्माला विचारायचं ठरवलं. तांब्या. जगदेवीचा तांब्या का ढापलास गं भवाने, असं. तिनं राग शोधला. विहिरीत पोहरा सोडावा तसा आत सोडला, आणि तो खाली खाली गेला, आणि पाणी काही लागलं नाही.

राग नव्हता.

बरं वाटत होतं.

ते चालायला लागले. पाय सगळ्यांचे सोबत पडत होते, आणि तिला ते शिकावं लागलं नाही. जोंधळा बाजूला होत होता आणि मागं मिटत होता.

मागून हाळी आली.

सगळे थांबले. सगळे वळले.

दूर एका खोपटाच्या दारात एक बाई उभी होती. कंदिलाची काच छातीशी धरलेली. तिनं पुन्हा हाळी घातली, आणि शेवटाला आवाज फाटला, जुनं लुगडं फाटतं तसा. हाळी कुणासाठी होती, ते कुणाला कळलं नाही. पण एवढ्या मोठ्या रानात बाईमाणूस असं एकटं, बोडक्या खोपटात, ह्याची सगळ्यांना दया आली.

"एकटी कशाला ऱ्हातीस?" ते म्हणाले, मायेनं, एका दमात.

त्यात आपला आवाज कुठला, हे शिवकांतानं ऐकायचा प्रयत्न केला. तो कुठं वेगळा लागला नाही.